ऑफेन्सिव्ह लाइन कच्ची आहे? तिच्यात डेप्थ कशी भरायची, अगदी पहिल्यापासून

कॅन्सस सिटीत नवीन आलेली आपली मंडळी रविवारी आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला येतात तेव्हा सगळ्यांचे डोळे बॉलच्या मागे असतात, आणि मग क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, तिसऱ्यांदा आडवा झाला की हमखास प्रश्न येतो, "अहो दादा, याला कोणी वाचवत का नाही?" त्याला वाचवायचं काम ज्या पाच जणांचं असतं ती ऑफेन्सिव्ह लाइन. ती कच्ची असेल तर नुसती पाच चांगली माणसं आणून भागत नाही, कारण सतरा मॅचचा सीझन आहे, त्यात कोणाचा घोटा, कोणाचा गुडघा, कोणाची पाठ जातेच, म्हणून मागे अजून तीन-चार जण तयार लागतात. त्यालाच इकडे डेप्थ म्हणतात.

ही डेप्थ टीमवाले कशी भरतात आणि तुम्ही घरी बसून तुमच्या टीमचा हिशोब कसा मांडायचा ते मी इथे पायरीपायरीने सांगतो. तुमची टीम कुठलीही असो, पद्धत तीच, मॅडन या व्हिडिओ गेममधे फ्रँचायझी मोड, म्हणजे आपणच टीम चालवायचा प्रकार, खेळणाऱ्या पोरांना पण हीच चालेल. उदाहरणं बरीचशी चीफ्सची, म्हणजे इथल्या कॅन्सस सिटीच्या टीमची आहेत, एक तर ती माझी टीम आहे आणि दुसरं म्हणजे या एका टीमने पाच वर्षांत लाइन कशी कोसळते, कशी बांधतात आणि परत कशी कोसळते हे सगळं दाखवून दिलंय.

आधी पाच जागा डोक्यात बसवा. मधे सेंटर, तो पायांमधून बॉल मागे देतो म्हणजे स्नॅप करतो आणि समोरच्यांची मांडणी बघून बाकीच्या चौघांना कोणी कोणाला धरायचं ते ओरडून सांगतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड, आणि सगळ्यात टोकाला दोन टॅकल. टॅकलसमोर समोरच्या टीमचे सगळ्यात चपळ लोक येतात म्हणून टॅकलचे हात लांब आणि पाय हलके लागतात, गार्ड जरा आखूड, दांडगा चालतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, त्यामुळे लेफ्ट टॅकलला एवढा भाव. प्रत्येक जण १३५-१४० किलोच्या आसपास, आणि तरी हे वजनाचं काम नाहीये, हे साखळीचं काम आहे. कबड्डीत पकड करणारे दोघं हातात हात घालून रेडरवर जातात ना, त्यातला एक अर्धा सेकंद आधी पुढे गेला की साखळी तुटते आणि रेडर मधून निघून जातो, इथे अगदी तसंच आहे. समोरचे दोघं जाणूनबुजून एकमेकांचा रस्ता कापतात, त्याला स्टंट म्हणतात, तेव्हा गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोडायचा आणि टॅकलचा आपण घ्यायचा, आणि हे न बोलता झालं पाहिजे. म्हणून लाइनवर बदली माणूस उतरवणं बाकी जागांपेक्षा अवघड असतं, तो एकटा चांगला असून उपयोग नाही, शेजाऱ्याबरोबर त्याचा हात बसलेला पाहिजे.

पायरी पहिली: नावं लिहा, पण जागेप्रमाणे

टीमच्या साइटवर डेप्थ चार्ट असतो. तो बघून कागदावर पाच रकाने करा आणि प्रत्येकात पहिला, दुसरा लिहा. आता खरी गोष्ट, दुसऱ्या ओळीत जी पाच नावं दिसतात ती फसवी असतात. मॅचच्या दिवशी पाच बदली खेळाडू बसलेले नसतात, बहुतेक वेळा तीन असतात. म्हणून स्वतःला दोनच प्रश्न विचारा. उद्या कुठलाही एक टॅकल पडला तर आत कोण जाणार, डावीकडे पण आणि उजवीकडे पण? या माणसाला स्विंग टॅकल म्हणतात. आणि उद्या सेंटर पडला तर स्नॅप कोण करणार? तो शक्यतो गार्ड पण खेळणारा हवा. या दोन प्रश्नांना दोन नावं पटकन आली तर तुमच्या टीमला डेप्थ आहे. नाही आली तर चार्टवर दहा काय पंधरा नावं असू देत, डेप्थ नाहीये.

पायरी दुसरी: कच्चं कुठे आहे ते डोळ्याने बघा

बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅक आडवा झाला की त्याला सॅक म्हणतात. सॅकचे आकडे बघून लाइनला शिव्या घालणं सोपं आहे, पण क्वार्टरबॅक बॉल जास्त वेळ धरून बसला तरी सॅक होतो, त्यात लाइनचा दोष नसतो. म्हणून मॅच रेकॉर्ड करा आणि एकच माणूस निवडून पंधरा-वीस पासिंग प्ले, म्हणजे क्वार्टरबॅक बॉल फेकतो ते डाव, बघा, बॉलकडे अजिबात बघायचं नाही. स्नॅपनंतर मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा. तीन म्हणेपर्यंत तुमचा माणूस समोरच्याच्या पुढ्यात उभा असेल तर त्याचं काम झालं. दोनच्या आत खांदे फिरून तो बाजूला पडत असेल, आणि असं परत परत होत असेल, तर भोक तिथे आहे. हारला कसा तेही बघा: पायाने हारला म्हणजे बाहेरून वळसा घालून गेला, ताकदीने हारला म्हणजे ढकलत मागे नेला, की समजण्यात हारला म्हणजे दोघं एकाच माणसाच्या मागे लागले आणि दुसरा मोकळा सुटला. पहिल्या दोघांना दुसरा माणूस लागतो. तिसऱ्याला बऱ्याचदा नुसती प्रॅक्टिस लागते, आणि नवे लोक इथेच गल्लत करतात, बिचाऱ्याला काढून टाका म्हणतात.

पायरी तिसरी: खालून भरू नका, वरून ढकला

मला या लेखात सगळ्यात जास्त हेच सांगायचंय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

७ फेब्रुवारी २०२१, सुपर बोल म्हणजे सीझनची फायनल, चीफ्स विरुद्ध टँपा बे. दोन आठवडे आधीच्या मॅचमधे लेफ्ट टॅकल एरिक फिशरच्या टाचेची शीर तुटली होती. राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर. गार्ड लॉरेंट डुवर्ने-टार्डिफ डॉक्टर आहे, मेडिकलची डिग्री घेतलेला खराखुरा डॉक्टर, तो कोव्हिडमधे सेवा करायला म्हणून तो अख्खा सीझन खेळलाच नाही. मग काय झालं बघा, राइट टॅकल खेळणारा माइक रेमर्स डावीकडे नेला, गार्ड अँड्र्यू वायली राइट टॅकलला नेला, वायलीच्या जागी तिसराच आणला. एक माणूस पडला आणि तीन जागा हलल्या. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्या दिवशी अक्षरशः पळत होता, आडवा होता होता हवेत असताना बॉल फेकत होता, आणि एवढं करून चीफ्सला एकही टचडाऊन नाही, ३१-९ ने हरले. मी त्या रात्री टीव्ही बंद करून बराच वेळ नुसता बसून होतो.

आता त्यांनी काय केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी "दोन बदली माणसं आणू" एवढाच विचार केला नाही. मार्चमधे फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं. जो थूनी या खेळाडूला पाच वर्षं ८ कोटी डॉलरवर लेफ्ट गार्डला आणलं. एप्रिलमधे बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन ट्रेडमधे म्हणजे अदलाबदलीत घेतला, त्यासाठी पहिल्या राउंडचा पिक दिला, म्हणजे ड्राफ्टमधे टीम कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातली पहिल्या फेरीतली आपली पाळी. ड्राफ्टमधे दुसऱ्या राउंडला सेंटर क्रीड हंफ्री, ६३ वा, आणि सहाव्या राउंडला गार्ड ट्रे स्मिथ, २२६ वा. ट्रे स्मिथच्या फुप्फुसात कॉलेजमधे असताना रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या म्हणून टीम घाबरत होत्या, नाहीतर तो एवढा खाली मिळालाच नसता. राइट टॅकलला लुकास नियांग. सप्टेंबरमधे पहिल्या मॅचला पाचच्या पाच नवीन.

आणि जुने? वायली आणि निक ॲलेग्रेटी, ज्यांनी सुपर बोल सुरुवातीपासून खेळला होता, ते आता बाकावर. म्हणजे चीफ्सने डेप्थ नुसती विकत आणली नाही, वर चांगले बसवले आणि कालचे स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून खेळणारे, एक पायरी खाली सरकले, झाली डेप्थ. सुपर बोलमधे कमी पडलेला माणूस बदली म्हणून फार चांगला असतो हो, त्याला प्लेबुक, म्हणजे टीमच्या डावांची वही, पाठ असते, मोठी गर्दी त्याने बघितलेली असते. नियांगला दुखापत झाली तेव्हा वायली परत आत आला आणि पुढच्या वर्षी तोच कायम झाला. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलला समोर फिलाडेल्फिया होते, ज्यांनी त्या रेग्युलर सीझनमधे ७० सॅक केले होते, आणि त्या संध्याकाळी महोम्सवर एकही सॅक झाला नाही.

ॲलेग्रेटीची गोष्ट तर मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. २०१९ चा सातव्या राउंडचा पिक. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०२४, परत सुपर बोल, थूनी दुखापतीने बाहेर, म्हणून ॲलेग्रेटी लेफ्ट गार्डला. मॅच चालू असताना त्याच्या कोपराचं लिगामेंट फाटलं. गार्डला हातानेच समोरचा धरायचा असतो आणि हा एका फाटक्या कोपरावर ओव्हरटाइम संपेपर्यंत खेळला, २५-२२ ने जिंकले. पेपरात फोटो महोम्सचा. दहीहंडीत खालच्या थरात उभं राहणाऱ्याचा फोटो कधी बघितलाय का कोणी, तसंच.

तर तुमच्या कागदावर "बदली कोण आणू" असं लिहायच्या आधी "आत्ताच्या पाचमधला कोणता माणूस बदली म्हणून उत्तम होईल" ते लिहा, आणि त्याच्या जागी स्टार्टर शोधा.

पायरी चौथी: पैसे

२०२५ ला प्रत्येक टीमची सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्यांच्या पगाराची मिळून मर्यादा, २७.९२ कोटी डॉलर होती, त्यात ५३ जण बसवायचे. भारी टॅकल आणि भारी क्वार्टरबॅक दोन्ही असले की बाकाला पैसे उरत नाहीत. म्हणून मार्चमधे फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, उघडते तेव्हा पहिल्या दोन दिवसांतल्या मोठ्या बातम्यांवर जाऊ नका, तुमचा बदली माणूस तिथे नसतो. तो दोन-तीन आठवड्यांनी मिळतो, तिशीतला, सात-आठ वर्षं खेळलेला, एका वर्षाच्या करारावर, किमान पगाराच्या थोडा वर. असा एक म्हातारा टॅकल प्रत्येक टीमने ठेवावाच असं माझं मत आहे. पण एकच ठेवा, दोन म्हातारे ठेवले की डिसेंबरात दोघांचे गुडघे एकदम बोलायला लागतात.

पायरी पाचवी: ड्राफ्ट, आणि गरज नसताना घेणं

एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो, सात राउंड. नवीन बघणाऱ्यांना वाटतं की भोक पडलं की त्या वर्षी पिक घ्यायचा. उलटं आहे. कॉलेजमधे खेळाची पद्धत वेगळी असते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या राउंडचा पोरगा पहिल्या वर्षी सहसा तयार नसतो, त्याला एक-दोन वर्षं वजन उचलायला, पाय टाकायला शिकवावं लागतं. म्हणून लाइन चांगली असताना दरवर्षी एक लाइनमन घेत राहायचा, म्हणजे दोन वर्षांनी कोणी गेला की घरचाच तयार असतो. फिलाडेल्फियाने २०१८ ला सातव्या राउंडला जॉर्डन मायलाटा घेतला, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच पण न खेळलेला. पहिली दोन वर्षं तो एकाही मॅचमधे उतरला नाही, लाइन कोच जेफ स्टाउटलँडच्या हाताखाली नुसता शिकत होता. आज तो त्यांचा लेफ्ट टॅकल आहे. प्रत्येक पोरगा मायलाटा निघत नाही हे मान्य, पण बाकावर एक जागा शिकाऊ पोरासाठी राखूनच ठेवायची.

पायरी सहावी: एका माणसाला दोन जागा शिकवा

चीफ्सचा ट्रेनिंग कॅम्प सेंट जोसेफला असतो, मिझुरी वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मैदानावर, आमच्या इथून तासाभराचा रस्ता. एका ऑगस्टमधे भाच्याला घेऊन गेलो होतो. सगळी गर्दी क्वार्टरबॅकच्या बाजूला, आम्ही लांबच्या कोपऱ्यात लाइनवाल्यांच्या जवळ जाऊन उभे राहिलो. तिथे एक राखीव गार्ड होता, ड्रिल संपलं, बाकीचे पाणी प्यायला गेले, हा गेला नाही. मदतनीस बादलीत बॉल बुडवून काढायचा आणि ह्याच्या हातात द्यायचा, हा वाकून तो ओला बॉल पाच पावलं मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे स्नॅप करायचा. एक डोक्यावरून गेला, एक पायाशी पडला, मग जमायला लागले. भाचा मोजत होता, म्हणाला, "मामा, चोवीस झाले, हा दमत कसा नाही?" मनगटाच्या पट्ट्यांमधून पाणी गळत होतं आणि प्रत्येक स्नॅपनंतर लगेच डावा हात वर येत होता, कारण सेंटरला बॉल दिल्या दिल्या त्याच क्षणी समोरचा माणूस धरायचा असतो. स्नॅप एकट्याने शिकता येतो, स्नॅप देऊन धरणं हे वेगळंच आहे.

डेप्थ खरी इथे तयार होते. तुम्ही कॅम्पला जाणार असाल तर सेकंड टीमची लाइन बघा, कोणाला दोन जागांवर खेळवतायत ते टिपून ठेवा. जुलै-ऑगस्टमधेच हे करावं लागतं कारण सीझन सुरू झाला की पॅड घालून प्रॅक्टिस अख्ख्या रेग्युलर सीझनमधे १४ वेळाच करता येते, तसा करारच आहे खेळाडूंच्या युनियनशी. त्या पण बहुतेक स्टार्टरना जातात. बदली माणूस नोव्हेंबरात शिकेल असं कोणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा सांगा.

पायरी सातवी: एक भोक बुजवायला दुसरं पाडू नका

दोन जागा शिकवायच्या हे खरं, पण ते बाकावरच्या माणसाला. तुमचा सगळ्यात चांगला माणूस त्याच्या जागेवरून शक्यतो हलवायचा नाही. २०२४ ला चीफ्सकडे लेफ्ट टॅकलच नव्हता. दुसऱ्या राउंडचा नवा पोरगा किंग्सली सुआमाटाया लावून बघितला, दोन मॅचमधे काढला, मग वान्या मॉरिस, मग नोव्हेंबरात बाहेरून आणलेला डी जे हंफ्रीज, त्याची मांडी पहिल्याच मॅचला धरली. शेवटी डिसेंबरात थूनीला, म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या गार्डपैकी एकाला, टॅकलला नेलं. त्याने इमानदारीने ओढलं, मॅच जिंकल्या पण. मात्र लेफ्ट गार्डला माइक कॅलिएंडो आला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला फिलाडेल्फियाने त्याच डाव्या बाजूला दोन्ही जागांवर हल्ला केला, महोम्सवर सहा सॅक, ४०-२२. वायली २०२३ ला वॉशिंग्टनला गेला होता, ॲलेग्रेटी २०२४ ला तिकडेच गेला. वरून ढकलून जो बाक तयार झाला होता तो दोन वर्षांत रिकामा झाला आणि त्या जागा तशाच तोडीच्या माणसांनी भरल्या गेल्या नाहीत, मला त्याचं अजून वाईट वाटतं.

नंतर त्यांनी जे केलं ते परत तिसऱ्या पायरीसारखंच, थूनी शिकागोला ट्रेड केला, पहिल्या राउंडला टॅकल जॉश सिमन्स घेतला, सॅन फ्रान्सिस्कोकडचा जेलन मूर आणला आणि सुआमाटायाला गार्ड केलं.

पायरी आठवी: ऑगस्टचा शेवटचा आठवडा

९० जणांचे ५३ होतात तेव्हा एका दिवसात शेकडो खेळाडू सुटतात आणि दुसऱ्या टीमला ते वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, उचलता येतात, मागच्या सीझनमधे जी टीम खाली होती तिला आधी संधी. सिनसिनाटीने २०२२ ला असाच मॅक्स शार्पिंग ह्यूस्टनकडून उचलला. त्याआधीच्या सीझनमधे त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याच्यावर रेग्युलर सीझनमधे ५१ आणि प्लेऑफमधे, म्हणजे बाद फेरीत, १९ सॅक झाले होते, म्हणून त्यांनी तीन नवे स्टार्टर विकत घेतले होते, बाकावर मात्र फार काही नव्हतं. आणि जानेवारी २०२३ पर्यंत पाचातले तीन जायबंदी. शार्पिंग, अडेनिजी आणि कार्मन या तिघा बदल्यांना घेऊन ते बफेलोच्या बर्फात २७-१० जिंकले, कारण त्या दिवशी त्यांनी बॉल पटापट सोडला आणि धावण्यावर भर दिला. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे चीफ्सच्या स्टेडियमवर, अ‍ॅरोहेडला आले, पाच सॅक खाल्ले आणि २३-२० हरले. वेव्हरच्या माणसावर एक मॅच निघते, लागोपाठ दोन अवघड असतात.

यातच प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे ५३ च्या बाहेर सरावाला ठेवलेले खेळाडू, पण बघा, १६ जणांचा असतो, त्यातले दोघं मॅचसाठी वर आणता येतात, एका खेळाडूला सीझनमधे तीनदाच, मग त्याला ५३ मधे घ्यायला लागतं. आणि लक्षात ठेवा, दुसरी टीम तुमचा स्क्वाडमधला माणूस थेट आपल्या ५३ मधे घेऊन जाऊ शकते, त्यामुळे जो पोरगा खरंच आवडलाय त्याला तिथे लपवून ठेवू नये.

पायरी नववी: मॅचच्या दिवशी

मॅचच्या दीड तास आधी इनॲक्टिव्हची यादी येते, म्हणजे आज कोण खेळणार नाही. नियम असा आहे की लाइनचे किमान आठ जण तयार ठेवले तर टीमला ४८ जण उतरवता येतात, नाहीतर ४७ च. म्हणून यादी आली की आधी तुमच्या टीमचे लाइनवाले मोजा. आठ आहेत का? त्या आठात स्विंग टॅकल आहे का, दुसरा स्नॅप करणारा आहे का? मग मॅच चालू झाली की एखाद वेळी मोठा माणूस, ५० ते ७९ मधल्या नंबरचा, रेफरीकडे जाऊन छातीवर हात फिरवताना दिसेल आणि स्पीकरवर "रिपोर्टिंग ॲज एलिजिबल", म्हणजे हा या प्लेला फेकलेला बॉल पकडू शकतो, असं ऐकू येईल, तो सहावा लाइनमन. बाकावरच्या माणसाला खऱ्या मॅचमधे पाच-सात प्ले मिळवून द्यायची ही सगळ्यात चांगली वाट आहे. त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण जानेवारीत कोणी पडला तर बहुतेक तोच आत येणार.